गिचुहींच्या आईचं मरण

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मला मात्र लहानपणापासून तीच पायरी चढायची होती. आता जे सांगतेय ते आठवलं की अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते, तेव्हा मध्येच माझा आवाज चढला तर चढू दे. मी काही तो खाली आणणार नाही.

सनद मिळाली तेव्हा माझ्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. एक नैरोबीतल्या ‘पेंडल्टन अँड गिचुही’ची. सातव्या मजल्यावर ऑफिस, काचेच्या भिंती, चहा आणून द्यायला वेगळा माणूस. दुसरी आमच्या माचाकोस गावच्या वकीलबाई रिस्पा ओबुरा यांची. खाली मटणाचं दुकान, वर त्यांचं ऑफिस. जिना चढताना भाजलेल्या बोकडाचा धूर डोळ्यांत जायचा.

तुम्ही म्हणाल, यात निवडायचं काय? पण मला काच नको होती आणि चहावालाही नको होता. मला कोर्टात उभं राहायचं होतं. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायचे होते. वाढदिवसाला इतर मुली बाहुल्या मागायच्या तेव्हा मी कोर्टातला काळा झगा मागितला होता, आणि आईने अस्तराच्या कापडाचा शिवूनही दिला होता.

मुलाखतीत गिचुहीसाहेब म्हणाले, “आमच्याकडे पहिल्या दिवसापासून कोर्ट! वर्षभरात तू इतक्यांदा उभी राहशील की बसायचं विसरशील.”

रिस्पाबाई म्हणाल्या, “वर्षभर कोर्टात तोंड उघडायचं नाही. फायली वाचायच्या. साक्षीदारांच्या घरी जाऊन त्यांच्या चुलीपाशी बसायचं. वाचल्याशिवाय उभं राहायचं नाही, हा माझ्या ऑफिसातला एकच नियम.”

“अख्खं वर्ष?”

“दीडही लागेल. तुझं तोंड जरा जास्तच चालतं असं दिसतंय.”

झालं! माझं गिचुहींकडे जायचं ठरल्यातच जमा होतं. आई तर रिस्पाबाईंचं नावही ऐकायला तयार नव्हती. ती शाळेचे गणवेश शिवते, त्यावर माझं शिक्षण झालं. ती म्हणाली, “कालोंडू, मटणाच्या दुकानावर बसायला शिकवलं का तुला? गिऱ्हाईक खाली मांडी मागणार आणि वर न्याय!” दोन्हीकडे शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

त्याआधीच्या शनिवारी गिचुहीसाहेबांनी आम्हा नव्या मुलामुलींना घरी जेवायला बोलावलं. घरात नोकर-चाकर होते, तरी वाढत होती त्यांची आई. सगळे तिला शोशो, म्हणजे आजी, म्हणत होते. एवढीशी म्हातारी, डोक्याला रुमाल, आणि जीभ वस्तऱ्यासारखी.

“कुणातली गं तू?” तिने मला विचारलं.

“कांबा जमातीतली, शोशो. माचाकोसची.”

“म्हणजे टोपल्या विणणाऱ्यांची. येते विणायला?”

“नाही येत.”

“मग कसली डोंबलाची कांबा!” सगळे हसले. तिने माझ्या ताटात मुकिमोचा, म्हणजे बटाटा-मक्याच्या लगद्याचा, आणखी एक डाव घातला आणि माझा हात धरून म्हणाली, “खा. वकिलाने पोटभर खावं. खोटं बोलायला ताकद लागते.” सगळ्यांत मोठ्याने हसले ते गिचुहीसाहेब. मला ते घर आवडलं, खोटं कशाला बोलू?

मंगळवारी मी नुसती बघायला म्हणून माचाकोसच्या कोर्टात जाऊन बसले. काळा कोट घालून. मागच्या बाकावर. आता आमच्या वकिलांची एक रीत आहे. एखादा वकील पोचू शकला नाही की तो वकिलांच्या फोनवरच्या ग्रुपवर लिहितो, अमक्या कोर्टात कुणी आहे का, माझ्या जागी उभे राहा. जो असेल तो उभा राहतो. ओळख लागत नाही, मोबदला लागत नाही. आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी. रीत चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. नावं कुणाला ठेवायची ते पुढे येईलच.

तर त्या सकाळी ग्रुपवर आलं: “गिचुहीसाहेबांच्या घरी दुःखद घटना. माचाकोसला कुणीतरी उभं राहून पुढची तारीख मागावी.” दुसऱ्या कुणी बोट हलवायच्या आत मी लिहिलं, “मी आहे.” केस कुणाची, कशाची, काही विचारलं नाही. कुणीच विचारत नाही. तारीख मागायला फाईल कशाला लागते? केसचा नंबर आला, आणि पाठोपाठ पुकारा झालाच.

मी उठले, आणि पाहते तर समोरच्या बाजूने रिस्पाबाई उठल्या. त्यांच्या मागे पन्नाशीची एक बाई बसली होती, मांडीवर टोपली आणि टोपलीवर शाल.

मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले, “आज वादीची साक्ष आहे ना? मग कंपनीचे वकील कुठे आहेत?”

“साहेब, मी त्यांच्या जागी उभी आहे. त्यांच्या घरी दुःखद घटना झाली आहे.”

“कोण गेलं?”

मी टेबलाखाली फोनवर विचारलं. उत्तर लगेच आलं. एकच शब्द.

“आई, साहेब,” मी म्हणाले, आणि माझा आवाज फुटला. शनिवारी जिने माझा हात धरला होता ती गेली? मागच्या बाकांवरून लोक हळूच म्हणाले, “पोले, पोले.” आमच्याकडे दुःखात हेच म्हणतात. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

रिस्पाबाईंनी मला निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, “माझी हरकत नाही, साहेब. आई एकदाच मरते.” आणि बसल्या. दोन महिन्यांनंतरची तारीख पडली.

बाहेर व्हरांड्यात ती टोपलीवाली बाई माझ्यापाशी आली. तिचं नाव स्योकाऊ. खडी फोडायच्या यंत्रात तिचा उजवा हात मनगटापासून गेला होता, आणि खडीच्या कंपनीविरुद्धची तिची भरपाईची केस सात वर्षं चालू होती. चालू म्हणजे काय, उभी होती. तिने टोपली माझ्यापुढे धरली. आत तिच्या शेतातले मूग होते.

“हे त्या वकिलांच्या घरी पोचव, पोरी. मयताच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये.”

“मावशी, ते तुमच्या विरुद्ध पक्षाचे वकील आहेत!”

“मग? त्यांना आई नव्हती का?” मी टोपली घेतली तशी ती ओशाळून म्हणाली, “वरची वीण बघू नको हं. खाली धड आहे. वरचं हात गेल्यावर केलंय.”

तिच्या मागून रिस्पाबाई आल्या. “फाईल वाचली होतीस?”

“नाही.”

“केस कुणाची, ते तरी विचारलंस?”

“नाही. पण बाई, माणूस गेलंय, अशा वेळी...”

“जा, टोपली पोचव. मग बोलू,” त्या म्हणाल्या आणि स्योकाऊला घेऊन निघून गेल्या.

नैरोबीपर्यंत मटाटूमध्ये, म्हणजे भाड्याच्या छोट्या बसमध्ये, टोपली मांडीवर घेऊन मी रडत गेले. शेजारच्या माणसाने विचारलं कोण गेलं, तर मी म्हणाले आजी. बंगल्याच्या फाटकाशी आले तर मांडव नाही, गाड्या नाहीत, भजनं नाहीत. पहारेकरी रेडिओ ऐकत बसलेला. मला वाटलं, प्रेत गावी नेलं असेल. तरी टोपली ठेवून जावं म्हणून मागच्या अंगाला गेले.

मागे शोशो सुकुमाच्या भाजीची पानं खुडत होती.

“अगं बाई, कांबाची पोर!” ती म्हणाली. “विणायला शिकायला आलीस?”

मी मातीतच बसले. आधी इतका आनंद झाला की तिला मिठी मारावी. आणि मग तो आनंद उतरला आणि खाली जे होतं ते वर आलं. मला शिव्या येत नाहीत असं नाही. पण त्या म्हातारीसमोर एकही बाहेर पडेना.

“काय झालं? भूत बघितल्यासारखी काय बघतेस?”

मी सांगितलं. सगळं. तिने खुडलेली पानं बाजूला ठेवली. मग टोपली उचलली आणि फिरवून फिरवून पाहिली. “ही दोघींनी विणलीय.”

“नाही शोशो, एकीनेच. खालची वीण हात असतानाची. वरची हात गेल्यावरची.”

तिने त्या वरच्या विणीवरून बोट फिरवलं आणि टोपली पोटाशी धरून बसली. तेवढ्यात फाटकातून गाडी आली आणि गिचुहीसाहेब उतरले.

“अरे, कालोंडू! सकाळी छान केलंस म्हणे. आवाज काय, डोळ्यांत पाणी काय! रेकॉर्डिंग करून नव्यांना दाखवायला हवं.”

“साहेब, तुमची आई जिवंत आहे.”

“देवाची कृपा,” ते हसत म्हणाले. “अगं, ही बोलायची पद्धत असते. आजारी म्हटलं की कोर्ट दाखला मागतं. मयत म्हटलं की कुणी मागत नाही. लाज वाटते ना लोकांना.”

“सात वर्षं?”

“खडीवाल्यांची विमा कंपनी आपल्याला तारखांसाठी नेमते, निकालासाठी नाही. ती बाई थकेल आणि हातात पडेल त्यावर सही करेल. तिची वकीलबाईही म्हातारी झालीय. यालाच दिवाणी वकिली म्हणतात, बाळ.”

“तुम्ही म्हणाला होता, पहिल्या दिवसापासून कोर्ट!”

“मग आज काय चर्चमध्ये उभी होतीस?”

बघा! हे त्यांचं कोर्ट. हे पहिल्या दिवसापासूनचं उभं राहणं. लहानपणी मागितलेला तो काळा झगा मला यासाठी हवा होता? मी ओरडलेच, “मी हे मॅजिस्ट्रेटना सांगणार!”

ते जराही चिडले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त चीड आली. “काय सांगणार? कोर्टात उभं कोण होतं? मी? नाव कुणाचं लिहिलंय? कोवळी सनद आहे तुझी, जपून वापर. शुक्रवारी नोकरीच्या पत्रावर सही करून पाठव.”

शोशो मागून म्हणाली, “मला किती वेळा मारलंस रे?”

तेव्हा कुठे त्यांना कळलं की ती तिथे बसलीय. “आई, तू आत जा. तुला यातलं कळत नाही.”

ती उठली आणि टोपली घेऊन आत निघाली. मी म्हणाले, “शोशो, टोपली परत द्यायला हवी.”

“रिकामी टोपली परत जात नाही,” ती मागे न बघता म्हणाली. “तारीख कधीची आहे?” मी तारीख सांगितली. तिने दार लावून घेतलं.

घरी आईला सांगितलं की सातवा मजला नको. तिने कात्री आपटली. मग कारण सांगितलं, तेव्हा ती शिलाई मशीनवरून उठलीच. “जिवंत आईला मारली? स्वतःच्या? जीभ झडेल मेल्याची!” पुढे मशीन चालवता चालवता म्हणाली, “जा त्या मटणाच्या दुकानावर. पण कधी मला मारून तारीख मागितलीस तर भूत होऊन येईन, सांगून ठेवते.”

शुक्रवारी गिचुहींच्या ऑफिसला नकार पाठवला, कारणासकट. आणि धुरातून जिना चढून रिस्पाबाईंपुढे उभी राहिले. “तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?”

“संशय होता. पण मयताला हरकत घेत नाही मी. शंभरात एखाद्याची खरंच मेलेली असते.”

“मला नोकरी हवी आहे.”

“ज्यात तोंड उघडायचं नाही, ती?”

“एकदाच उघडणार. त्या तारखेला. मग वर्षभर नाही.”

“सनद जाऊ शकते.”

“जाऊ दे!”

त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या, “जाऊ दे म्हणायचं नाही! आईने गणवेश शिवून मिळवून दिलीय ती. घाबर. चांगली घाबर, आणि घाबरत उभी राहा. आणि त्याआधी ही घे, वाच.” त्यांनी स्योकाऊची फाईल माझ्यापुढे टाकली. “या केसमध्ये तू माझ्या बाजूने उभी राहू शकत नाहीस, एकदा तिकडून राहिलीस. पण कशाविरुद्ध उभी होतीस ते तरी कळू दे.” मी वाचली. वाचताना जे वाटलं ते इथे लिहिता येण्यासारखं नाही.

तारीख आली. या वेळी गिचुहीसाहेब स्वतः आले, माझ्या नकारामुळेच असणार. पुकारा झाल्यावर उठून गोड आवाजात म्हणाले की कंपनीचा मॅनेजर परदेशी आहे, पुढची तारीख मिळावी. मी उठले.

“साहेब, मागच्या तारखेला मी कोर्टाला सांगितलं की या वकीलसाहेबांच्या आई वारल्या. मला तसं कळवलं होतं, मी खात्री केली नाही. ते खोटं होतं. त्या जिवंत आहेत. मी ते शब्द मागे घेते, आणि त्याची जी शिक्षा असेल ती मला द्या.”

मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “वकीलसाहेब?”

गिचुहीसाहेबांनी सुस्कारा सोडला. काय सुस्कारा होता! “साहेब, शहरात शिकलेली पोर आहे, रीत विसरली. आपल्याकडे आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात. माझी मावशी गेली, साहेब. मी तिला आईच म्हणायचो.”

आणि कोर्टातली डोकी हलली! खरंच आहे ना ते, आम्ही म्हणतोच तसं. मॅजिस्ट्रेटसाहेबांचंही डोकं हललं. चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्याही आमच्याच रीतीच्या आडून. साहेब माझ्याकडे वळले. “बाई, ज्येष्ठ वकिलावर असा आरोप करण्याआधी...”

“कुठली बहीण?”

मागच्या बाकावरून आवाज आला. शोशो उभी होती, काखेत टोपली. एकटी मटाटूने आली होती, हे मला नंतर कळलं.

“आजी, खाली बसा,” शिरस्तेदार म्हणाला.

“बसते. आधी या माझ्या पोराला विचारा, कुठली बहीण? मला चार होत्या. चौघींना मीच माती दिली. शेवटची गेली तेव्हा हा शाळेत होता. आता याला आई म्हणायला उरलेय ती मी एकटी, आणि मी ही इथे उभी आहे.”

गिचुहीसाहेब मागे वळून बघेनात. म्हातारी तरातरा पुढे आली आणि तिने टोपली स्योकाऊच्या मांडीवर ठेवली. आत केळी होती, रताळी होती, चहाची पुडी होती.

“तुझे मूग गोड होते गं,” ती म्हणाली. “माझ्याच मयताचं जेवण मी जेवले.” आणि तिच्याच शेजारी बसली.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “वकीलसाहेब, पुढच्या तारखेसाठी घरातलं आणखी कुणी उरलंय का?”

“नाही, साहेब.”

“मग साक्ष आत्ता सुरू होईल. मॅनेजर परदेशात असला तरी तुम्ही इथे आहात. आणि बाई, तुमचं मी नंतर बघणार आहे. बसा.”

मी बसले. आता वर्षभर तोंड उघडायचं नव्हतं. माझं काय होणार ते मला ठाऊक नव्हतं. रिस्पाबाईंनी नाव पुकारलं. स्योकाऊने टोपली शोशोकडे दिली, शाल सावरली आणि साक्षीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. सात वर्षांत ती तिथवर कधी पोचली नव्हती.

“शपथ घ्या,” शिरस्तेदार सवयीने म्हणाला. “उजवा हात वर करा.”

तिने शालीतून तो हात बाहेर काढला आणि वर केला.